दहा रुपयांची मालकी

सकाळी साडेसातची वेळ. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगमागे दोघी जणी सुका कचरा निवडत बसल्या आहेत. बोलताना हात थांबत नाहीत. पुठ्ठा एका बाजूला, दुधाच्या पिशव्या दुसऱ्या बाजूला. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून बाटली एका पोत्यात आणि झाकण दुसऱ्या पोत्यात, कारण झाकणाचं प्लास्टिक कडक, त्याला भाव निराळा. थोरलीला मी विचारलं, मावशी, संघटनेची वर्गणी भरता का? तिने हात कोटाला पुसले, कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेलं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. त्यावर तिचा फोटो आणि नाव होतं, खाली शिक्का.

"भरते की. हे हाय म्हनून कुनी हात लावत न्हाई. पैले चोर म्हनायचे, ताई. पोतं उलटं करून बगायचे."

यंदा संपादकांनी 'पैसा' हा विषय दिला आणि त्यातलं हवं ते उचला म्हणाले. माझ्या मनात बरेच दिवस एक प्रश्न होता, तोच घेऊन मी बाहेर पडले. ज्यांची मिळकत रोज येते आणि रोज संपते, अशा माणसांच्या वर्गणीवर संस्था उभी राहते का? राहिली, तर ती कायम देणग्यांच्या टेकूवर राहते की वर्षअखेर तिच्या खात्यात दोन पैसे उरतात?

हा प्रश्न विचारला की दोन उत्तरं हमखास मिळतात. समाजकार्यात आयुष्य घातलेली माणसं म्हणतात, गरिबाकडून पैसे घ्यायला मन धजत नाही. धंद्यात मुरलेली माणसं म्हणतात, गरिबाकडे घेण्यासारखं असतं काय? पुणे, म्हसवड आणि अहमदाबाद इथल्या कष्टकरी बायकांच्या संस्था कशा घडल्या ते पाहिल्यावर मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात. गरीब माणूस पैसे देतो, वेळेवर देतो आणि हिशोब मागून देतो. संस्था अडते ती वेगळ्याच ठिकाणी.

आधी कार्ड, मग बाकीचं

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांतल्या कितीतरी जणी १९७२च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या कुटुंबांतल्या आहेत. बहुतेकींचं मूळ मराठवाड्यात, बहुतेक दलित, गावाकडे जमिनीचा तुकडा नाही. शहरात धुण्याभांड्याचं काम मिळवायचं तर कुणाची ओळख लागते, आणि जात विचारली जातेच. कचराकुंडीत हात घालायला ओळख लागत नाही, भांडवलही लागत नाही. म्हणून त्या कुंडीवर आल्या, आणि पाठोपाठ त्यांची पोरंही.

या पोरांच्या शिक्षणाच्या निमित्ताने १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण वस्त्यांमध्ये जाऊ लागल्या. पोरं कुंडीवर जातात कारण आईची कमाई पुरत नाही, आणि कमाई पुरत नाही कारण ओल्या घाणीत मिसळलेल्या मालाला भाव येत नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. मग काही बायकांना कोरेगाव पार्कातल्या घरांतून वेगळा ठेवलेला सुका कचरा मिळावा अशी सोय लावली गेली. ती नीट बसते न बसते तोच एक उद्योजक गाडी घेऊन तोच कचरा गोळा करायला उतरला. बायकांनी विरोध केला. वर्षानुवर्षं ज्या घाणीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिच्यात पैसा आहे हे कळताच दुसरं कुणी येऊन ती उचलणार असेल, तर आम्ही जायचं कुठे, असा तो सवाल होता.

मे १९९३मध्ये पुण्यात कचरावेचकांचं अधिवेशन भरलं. हमालांची संघटना बांधलेले डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. आठशेच्या आसपास कचरावेचक आले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली.

या पंचायतीने सभासदाला सर्वांत आधी काय दिलं, याकडे मला वाचकांचं लक्ष वेधायचं आहे. विमा, कर्ज, मुलांच्या वह्या हे सगळं पुढे आलं. आधी आलं ओळखपत्र. पंचायतीच्या ओळखपत्राला पुणे महापालिकेने मान्यता दिली आणि कचरावेचकांना अशी मान्यता देणारी ती देशातली पहिली महापालिका ठरली. कार्डाची किंमत काय, हे पहाटे पोतं घेऊन निघालेल्या बाईलाच कळतं. रस्त्यात तांब्याची तार किंवा पत्र्याचा तुकडा सापडला तर तो चोरीचा नाही हे तिने सिद्ध कसं करायचं? कार्ड असलं की निदान बोलायला जागा होते, आणि मागे आपली माणसं आहेत हे समोरच्यालाही कळतं. वर्गणी भरल्याचा उपयोग तिला दुसऱ्याच दिवशी चौकात दिसतो.

कमी मिळकतीच्या माणसांसाठी संस्था काढणारे पुष्कळ जण इथे चुकतात. पाच वर्षांनी मिळणाऱ्या लाभाचं चित्र रंगवतात आणि वर्गणी आज मागतात. ज्या घरात उद्याच्या तेलाची खात्री नाही, तिथे पाच वर्षांच्या वायद्याला कुणी भुलत नाही, आणि भुललं तर त्याची पुढे फसवणूकच होते.

उचल नावाची बेडी

दुसरी गोष्ट पंचायतीने केली ती पतसंस्थेची. तिचं महत्त्व कळायला भंगाराच्या दुकानातला व्यवहार समजून घ्यावा लागतो.

वेचक बाई दिवसभराचा माल दुकानदाराकडे नेते. तो तोलतो, भाव सांगतो, पैसे देतो. पोराला ताप आला, लग्न निघालं, गावी कुणी गेलं, की तोच दुकानदार तिला उचल देतो. कधी व्याजही लावत नाही. मात्र त्या दिवसापासून तिचा माल दुसरीकडे जाऊ शकत नाही. शेजारच्या दुकानात किलोमागे रुपया जास्त मिळत असला तरी हिला याच काट्यावर तोलून घ्यावं लागतं. उचलीचं व्याज असं रोजच्या भावातून वळतं होतं. ते कुठे लिहिलेलं नसतं, त्यामुळे तिलाही दिसत नाही.

पतसंस्थेत थोडे थोडे पैसे साठले आणि त्यावर कर्ज मिळू लागलं की ही गाठ सुटते. बाई दुकान बदलू शकते. पंचायतीने स्वतःचंही भंगार दुकान चालवलं. त्यात काटा खरा होता, आणि वर्षाचा वाढावा माल आणणाऱ्यांचाच होता.

मुंबईच्या गिरणगावातली गोष्ट याच जातीची. गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना पैसे मिळायचे महिन्याच्या पगाराला, आणि धान्य, तेल, मसाला लागायचा रोज. तो यायचा किराणा दुकानातून उधारीवर, दुकानदार लावेल त्या भावाने. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते या उधारीवर घाव घालायला. बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत आणलं. रोखीने धान्य घेता येऊ लागलं तशी त्याच ताटामागची शिल्लक वाढली.

गरिबीची अशी एक जादा किंमत असते. तोच तांदूळ महाग पडतो, तेच भंगार स्वस्तात जातं. सभासदांची संस्था नफा कमावते तो याच फटीतून. ती गरिबाच्या खिशातून नवे पैसे काढत नाही, जे पैसे आधीपासून सावकार, दुकानदार आणि अडत्याकडे झिरपत होते ते अडवते. हे झिरपणं नक्की कुठे आहे हे ज्याला सापडलं नाही, त्याने सभासद गोळा करण्याच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दाराशी जायचा खर्च

आता अडचणीकडे येते. समजा, एका कार्यकर्तीने वस्तीत फिरून दिवसभरात चाळीस घरांतून दहा-दहा रुपये आणले. झाले चारशे. तिचा रोज, तिचं बसभाडं, पावतीपुस्तक, संध्याकाळी वहीत नोंद करणाऱ्याचा पगार हे सगळं मिळवलं की चारशे आणायला चारशेहून जास्त लागतात. लहान रकमेचा हा शाप आहे. दहा हजारांच्या ठेवीला आणि दहा रुपयांच्या ठेवीला पावती एकच लागते, सही एकच लागते. म्हणूनच मोठ्या बँका या दारांकडे फिरकत नव्हत्या.

आपल्याकडच्या माणसांनी यावर उपाय फार पूर्वी शोधलेला आहे. १९२८मध्ये उडुपीला टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, पिग्मी योजना काढली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे का होईना, घेऊन जाणार. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी मुख्य पेठेत उभं राहा, पिग्मी एजंट दिसतोच. हातात लहानसं यंत्र, गळ्यात पिशवी. पानवाला, सलूनवाला, भाजीवाली, इस्त्रीवाला, कुणाचे पन्नास, कुणाचे शंभर. त्याचा खर्च निघतो कारण दुकानं ओळीने असतात आणि त्याला पगार नसून कमिशन असतं. पण ही ओळ पेठेतच असते. वस्तीत सकाळी सहाला घराला कुलूप लागतं आणि रात्री आठला उघडतं. तिथे पेठेचा एजंट पुरा पडत नाही.

अहमदाबादच्या सेवा संघटनेने हे कोडं कसं सोडवलं ते पाहण्यासारखं आहे. इला भट यांनी १९७२मध्ये कष्टकरी बायकांची ही संघटना कामगार संघटना म्हणून नोंदवून घेतली. नोंदणीच्या वेळी सरकारी खात्याचा आक्षेप असा होता की या बायकांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? भाजी विकणाऱ्या, चिंध्या शिवणाऱ्या, डोक्यावरून माल वाहणाऱ्या बायकांनी एकत्र येण्यासाठी कुणाच्या विरुद्ध असावंच लागतं असं नाही, हे पटवायला भट यांना बरंच झगडावं लागलं. दोन वर्षांनी, १९७४मध्ये, चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. या लेखाच्या मथळ्यातले दहा रुपये ते हेच.

बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. सही जुळवायची कशी? बँकेने प्रत्येकीचा फोटो काढला, हातात पाटी, पाटीवर खातेक्रमांक. तोच फोटो तिची ओळख. आणि पैसे गोळा करायला बँक स्वतः वस्तीत आणि बाजारात जाऊ लागली. जाणाऱ्या बायका त्याच वस्त्यांतल्या होत्या. कुठल्या घरी कधी कोण असतं, कुणाचा नवरा पगाराच्या दिवशी पिऊन येतो, म्हणून कुणाकडे सकाळीच जायला हवं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. बाहेरून नेमलेल्या माणसाला हे शिकायला वर्षं लागली असती.

सेवाच्या विम्याची एक युक्ती मला फार आवडते. १९९२पासून संघटना सभासदांना विमा देऊ लागली. दर वर्षी हप्ता गोळा करायचा म्हणजे दर वर्षी प्रत्येक दार पुन्हा गाठायचं, आणि जिथे गाठता आलं नाही तिथे विमा तुटायचा. दार चुकलं की सभासद चुकली. मग बाईला दुसरा मार्ग दिला गेला. एकदाच काही रक्कम मुदत ठेवीत टाकायची आणि तिच्या व्याजातून दर वर्षीचा हप्ता परस्पर भरला जायचा. दारावर जाण्याचा खर्च वाचला, बाईची ठेव शाबूत राहिली आणि ज्या वर्षी हातात पैसा नाही त्या वर्षीही विमा चालू राहिला. एवढी साधी गोष्ट, पण ती सुचायला दहा रुपये आणायला किती लागतात हे डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं.

म्हसवडचा अंगठा

माण तालुका पावसाच्या छायेतला. माळरान, मेंढरं, ज्वारी-बाजरी, आणि पुरुष माणसं कामाला मुंबईकडे. म्हसवडच्या आठवडी बाजारात टोपली मांडून बसलेल्या बायकांशी बोलायला लागलं की पहिलं बोलणं पैशाचंच निघतं. सकाळी माल घ्यायला कुणाकडून तरी उचलायचे, संध्याकाळी विकून जादा करून परत द्यायचे. एका भाजीवालीने मला बोटांवर हिशोब करून दाखवला. सांगितला तेवढा तो बरोबरही होता.

इथे १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या चेतना गाला सिन्हा यांनी त्यामागची हकीकत अनेक ठिकाणी सांगितली आहे. रस्त्याकडेला झोपडीत राहून लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. झोपडीवर टाकायला पावसाळ्याआधी प्लास्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते, आणि बँक तिचं खातं उघडत नव्हती. तिला कर्जही नको होतं, अनुदानही नको होतं, तिचेच पैसे ठेवायला जागा हवी होती.

बँकेच्या परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तकांत अंगठा लावणाऱ्या बायका होत्या. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना त्या म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही, पण व्याज काढता येतं. कुठल्याही रकमेचं विचारा, आणि तुमच्या माणसांना यंत्र न वापरता काढायला सांगा. परवाना मिळाला.

या गोष्टीला व्याख्यानांतून टाळ्या पडतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्यात कामाचा मुद्दा दिसतो. कमी मिळकतीच्या माणसाला आपल्या पैशाचा हिशोब आपल्यापेक्षा जास्त काटेकोर असतो, कारण चुकीला जागाच नसते. त्याच्यासाठी काढलेल्या संस्थेचा कारभार ढिसाळ असेल तर तो त्याला सर्वांआधी कळतो. पासबुकात नोंद उशिरा पडली, पावतीवर खाडाखोड झाली, एकीला लवकर कर्ज आणि दुसरीला 'पुढच्या महिन्यात या', की वस्तीत बातमी पसरते आणि पुढच्या वर्षीची वर्गणी येत नाही. गोड बोलून हे भरून निघत नाही.

वाढावा येतो कुठून

वर्गणीच्या पैशावर संस्था फायद्यात येईल हा हिशोब कागदावरही जमत नाही. वर्गणी लहानच असायला हवी. ती सभासदाला मतदानाचा हक्क देते, सभेत उभं राहून विचारायचा अधिकार देते, आणि संस्थेला माणसं किती व कोण हे सांगते. सेवाची वर्गणी कितीतरी वर्षं वर्षाला पाच रुपये होती, नंतर दहा झाली. तेवढ्यात काय चालणार? पण सभासद लाखांत गेल्या आणि त्या बळावर जे व्यवहार उभे राहिले, त्यांतून पैसा आला.

पुण्यात हे अगदी स्वच्छ दिसतं. २००८मध्ये पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार केला. वेचक बायका घरोघर जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घेऊ लागल्या. त्याबद्दल दर घराकडून महिन्याला ठराविक रक्कम घ्यायची आणि सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचेच. देखरेख आणि कार्यालयाच्या खर्चाला महापालिका हातभार लावणार. कुंडीतून वेचणारी बाई सेवा पुरवणारी झाली, तिच्या कामाला दर लागला. एकटीदुकटीशी महापालिकेने असा करार केला असता का? हजारो सभासद, त्यांची कार्डं, पंचायतीचा पंधरा वर्षांचा रुजलेला कारभार मागे होता म्हणून तो झाला. वर्गणीने ती संख्या आणि ती शिस्त उभी केली, कमाई झाली सेवेवर.

आढावांच्या हमाल पंचायतीने याच शहरात १९७४मध्ये 'कष्टाची भाकर' ही जेवणाची सोय सुरू केली. भुसार बाजारात पोती वाहणाऱ्या माणसाला पोटभर आणि परवडेल असं जेवण हवं होतं. गिऱ्हाईक ठरलेलं, जागा बाजाराच्या जवळ, त्यामुळे माल वाया जायचा धोका कमी. फार मोठ्या फायद्याचा हेतू कधीच नव्हता, पण ते दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चाललेलं अन्नछत्रही नव्हे. आज पुण्यातले विद्यार्थी आणि रिक्षावाले तिथे जेवतात.

व्याजातला फरक, एकगठ्ठा विक्रीचा भाव, सेवेचा दर, स्वतःचं दुकान. पैसा यांतूनच येतो, आणि यांतल्या किमान दोन वाटा चालू असल्या तर एक बंद पडली तरी संस्था तगते. एकाच वाटेवर विसंबलेल्या संस्था मी खचताना पाहिल्या आहेत.

आपल्याकडे 'नफा' म्हटलं की चळवळीतली माणसं अस्वस्थ होतात. सहकारात त्याला 'वाढावा' म्हणायची पद्धत आहे, म्हणा काहीही, पण तो हवा. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकार कायद्याने निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायला सांगितलं आहे आणि लाभांशावर पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ही तरतूद कोरडी वाटते, पण दुष्काळाच्या वर्षी, टाळेबंदीच्या वर्षी सभासदाला उचल देता येते ती याच निधीच्या आधाराने. ज्या संस्थेने चांगल्या वर्षात पैसे उरवले नाहीत, ती वाईट वर्षात सभासदाला 'देणगी आली की बघू' असं सांगते. ते ऐकण्यासाठी तिने दहा वर्षं वर्गणी भरलेली नसते.

त्याच दारावरची दुसरी माणसं

याच वस्त्यांत आज आणखी एक माणूस दर आठवड्याला येतो, मोटारसायकलवरून, मायक्रोफायनान्स कंपनीचा. तोही दहा-पंधरा बायकांना एकत्र बसवतो, तोही एकमेकींची हमी घेतो, तोही लहान रकमा गोळा करतो. वरून पाहिलं तर अन्नपूर्णाचं किंवा सेवाचंच तंत्र. वेळ पाळण्यात तर तो यांच्या पुढे आहे.

फरक वर्षअखेरीला कळतो. त्या गटातली बाई कंपनीची कर्जदार असते, सभासद नव्हे. व्याजाचा दर ठरवणाऱ्या बैठकीत ती नसते आणि उरलेला पैसा तिच्याकडे परतत नाही. २०१०च्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या एसकेएस मायक्रोफायनान्सचे शेअर बाजारात आले आणि त्यांना उदंड मागणी आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आंध्र प्रदेश सरकारला या कंपन्यांच्या वसुलीवर लगाम घालणारा वटहुकूम काढावा लागला, कारण एकेका बाईवर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं चढली होती आणि वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या येत होत्या. त्यानंतर हप्ते थांबले आणि त्या राज्यातला हा धंदाच कोसळला.

कमी मिळकतीच्या माणसांत पैसा आहे हे त्या कंपन्यांनी अचूक ओळखलं होतं. फायदाही झाला. पण कर्जदाराला पेलेल का, हे विचारणारं कुणी आत बसलेलं नव्हतं. सभासदांच्या संस्थेत ते विचारायला समोरच बायका बसलेल्या असतात, आणि तिसरं कर्ज मागणारीला शेजारीणच सांगते, "अगं, आधीचं फेड की." वाढीचा वेग त्यामुळे कमी राहतो. मला तो कमी वेगच बरा वाटतो.

सभेला कोण येतं

हे सगळं सुरळीत आहे असं सांगून मी वाचकांची फसवणूक करणार नाही. पुण्याच्या बायकांचा करार मुदतीचा असतो. मुदत संपत आली की दर वेळी अनिश्चितता येते, काम ठेकेदाराच्या गाड्यांना द्यायची भाषा सुरू होते. २०१६च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं, तरीही दर वेळी नव्याने मोर्चा काढावा लागतो. जिथे उत्पन्न एका मोठ्या सरकारी कार्यालयाच्या निर्णयाशी बांधलेलं असतं, तिथे ताळेबंद कितीही चांगला असला तरी झोप शांत लागत नाही.

दुसरी अडचण पिढीची आहे. कुंडीवरून दारापर्यंत आलेल्या बाईला संघटना म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, तिने ती उभी केली. आज तिची सून कामावर येते तेव्हा कोट, हातमोजे, कार्ड सगळं आयतं मिळतं. तिला वर्गणी ही पगारातून होणारी कपात वाटते. पार्किंगमागे बसलेल्या दोघींतली धाकटी मला तसंच म्हणाली, "कापत्यात की दर म्हैन्याला काय काय." थोरलीने हातातला पुठ्ठा खाली ठेवला आणि तिला चांगलंच सुनावलं. नंतर माझ्याकडे वळून म्हणाली, "मीटिंगला येत न्हाई ही. आली तर कळंल."

तिने बरोबर जागी बोट ठेवलं. वर्गणी भरणं आणि पतसंस्थेत पैसे ठेवणं लोकांना जमलेलं आहे. सभेला जाणं सुटत चाललं आहे. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात ज्या म्हाताऱ्या माणसांनी रांगा लावल्या, त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी आपल्या संस्थेच्या सभेत पाऊल टाकलं नव्हतं. भाग त्यांच्या नावावर होता, मालकी कधीच दुसऱ्याकडे गेली होती.

हा अंक वाचणाऱ्यांत बचतगटातल्या, पतसंस्थेच्या, महिला बँकेच्या, दूध संस्थेच्या सभासद असलेल्या पुष्कळ जणी असतील. आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घेणं संस्थेवर बंधनकारक असतं. पुढच्या सभेला जा. अहवाल आधी मागून घ्या, ताळेबंद वाचता येत नसेल तर मुलीला शेजारी बसवा. थकबाकी किती, राखीव निधीत किती गेले, वाढावा कुणाला कसा वाटला, हे तीन प्रश्न उभं राहून विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.